परदेशातील बिऱ्हाड आणि मोटार
परदेशी बदली होताच कुटुंब घरभाड्याची चौकशी करते. प्रवासाचा हिशेब मागाहून होतो. सिंगापूरमध्ये मोटार बाळगण्याच्या हक्काचे प्रमाणपत्र बोली लावून मिळवावे लागते. १९९० पासूनची ही पद्धत. प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे. म्हणजे तेथील वाहनकर्ज बऱ्याच अंशी या मुदतबंद कागदासाठीच! टोकियोत मोटार घेताना ती उभी करण्याच्या जागेचा दाखला लागतो. लंडनच्या मध्यवर्ती भागात मोटार नेण्यास २००३ पासून शुल्क आहे. मात्र मोठ्यांसोबत ११ वर्षांखालील मुलांना भुयारी रेल्वेचा प्रवास विनामूल्य असतो. लेकुरवाळ्या कुटुंबाने तेथे स्थानकाजवळील घरासाठी थोडे अधिक भाडे मोजणे मला सयुक्तिक वाटते. मोटार न चालवणाऱ्या गृहिणीलाही मग शाळा, दवाखाना, बाजार यांसाठी कोणावर अवलंबून राहावे लागत नाही.