खिडकीची काच आणि काडेपेटीची काडी

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायचा हा पहिलाच प्रयत्न आहे. चूकभूल माफ करा.

आमचं गाव ढोकी. साखर कारखान्यामुळे नाव ऐकलं असेल. जुन्या माळवदाच्या घराच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान, त्यामुळे उन्हाळा फारसा जाणवायचा नाही. आता आरसीसीचं घर झालं आणि पश्चिमेला मोठी खिडकी आली. मे महिन्यात दुपारी तिथे बसवत नाही. म्हणून अप्पांनी (माझे वडील) जास्त पैसे मोजून ‘एनर्जी सेव्हिंग’ काच बसवली. रंग तपकिरी. वरच्या मजल्याची ऑर्डर द्यायची बाकी होती. सुट्टीत गेले तर काचेला हात लावल्यावर चटका बसला. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण शंका आली.

आधी थोडी थिअरी. तापलेली वस्तू किती उष्णता बाहेर टाकते, ते एमिसिव्हिटी या आकड्याने सांगतात. साध्या काचेचा आकडा ०.८४. तिच्यावर साधारण १० नॅनोमीटर जाडीचा चांदीचा थर दिला तर तो ०.१ च्याही खाली येतो. यालाच लो-ई काच म्हणतात. हा थर उघड्या हवेत खराब होतो, म्हणून तो दोन काचांच्या सीलबंद जोडीत आतल्या बाजूला असतो. एकेरी काचेवर टिन ऑक्साइडचा कडक थर देतात, त्याचा आकडा ०.१५ ते ०.२. नुसती रंगीत काच मात्र ऊन शोषून स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता खोलीत सोडते.

आता ओळखायचं कसं?

१) काडीची परीक्षा : अंधार पडल्यावर पडदा बाजूला करून पेटती काडी काचेजवळ धरा आणि तिरकं बघा. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागाचं एक प्रतिबिंब दिसतं. एकेरी काचेत दोन, दुहेरीत चार. त्यातल्या एका ज्योतीचा रंग वेगळा दिसला तर त्या पृष्ठभागावर थर आहे. पुण्याला मावशीच्या फ्लॅटमध्ये दुहेरी काच आहे. तिथे आतून तिसरी ज्योत वेगळी दिसली, म्हणजे थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. उष्ण प्रदेशात तो तिथेच हवा.

२) मल्टिमीटरची परीक्षा : चांदी आणि टिन ऑक्साइड दोन्ही थरांतून वीज वाहते, साध्या काचेतून नाही. एकेरी काच पुसून दोन्ही प्रोब टेकवा. मीटरने रेझिस्टन्स दाखवला तर थर आहे. दोन्ही बाजू तपासायच्या. सीलबंद जोडीत थरापर्यंत प्रोब पोहोचत नाही, तिथे काडीच कामाची.

घरी काडी पेटवली तर दुसरी ज्योत तपकिरी! मी खूष झाले. अप्पा म्हणाले, “काय करायलीस गं? पडदा जाळतीस का?” पण रात्री विचार केला की मागच्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब रंगीत काचेतून दोनदा जाऊन येतं, ते तपकिरी दिसणारच. सकाळी मल्टिमीटर लावला. दोन्ही बाजूंना ओपन सर्किट. म्हणजे काच रंगीत होती, पण थर नव्हता. एक परीक्षा पुरत नाही, हा धडा मला तिथे मिळाला.

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं झालं, वरचे पैसे अजून दिले नव्हते.” दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “रंग आहे ना, मग तेच.” वरच्या खिडक्यांना आम्ही साधी काच घेतली आणि उरलेल्या पैशात बाहेरून छज्जा आणि बांबूचे पडदे केले. ऊन काचेवर पडूच दिलं नाही तर निम्मं काम तिथेच होतं. आणि संध्याकाळी खिडकी उघडी टाकली की कोटिंगचा काय उपयोग?

सरकारने घरांसाठी इको निवास संहिता २०१८ साली आणली, त्यात भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आहे. पण दुकानात आपल्या वतीने संहिता बोलत नाही. तेव्हा मित्रांनो, सुट्टीत घरी जाताना लॅबच्या सरांची परवानगी काढून मल्टिमीटर न्या. आणि काच घ्यायच्या आधी तपासा, माझ्यासारखं नंतर नको.