दिल्लीहून रोबो घरी कसा आणायचा?

प्रश्न : माझी मुलगी इंजिनीअरिंगला आहे. तिच्या कॉलेजची टीम रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेसाठी दिल्लीला निघाली आहे. स्पर्धा संपल्यावर एवढं धूड परत कसं आणतात? की तिथेच मोडून भंगारात देतात?
– एक वाचक, मिरज

उत्तर : भंगारात देत नाहीत, देऊही नये. रोबोकॉनचा विषय दर वर्षी बदलतो, त्यामुळे सांगाडा फारसा कामाचा उरत नाही. पण मोटारी, मोटर ड्रायव्हर, एन्कोडर, सेन्सर हा खरा ऐवज असतो. पुढच्या वर्षीची टीम त्यावरच उभी राहते. म्हणून परतीचा प्रवास मला स्पर्धेइतकाच महत्त्वाचा वाटतो. जाताना सगळे सावध असतात. येताना मुलं रात्र-रात्र जागलेली, त्यातून हरलेली असली तर पॅकिंगकडे बघायचीही इच्छा नसते. नुकसान होतं ते याच वेळी.

पूर्वी महाराष्ट्रातल्या टीमना हा प्रश्न एवढा पडत नसे. स्पर्धा पुण्याला बालेवाडीत व्हायची. २००८ आणि २०१४ या दोन्ही वर्षी आशियाई देशांची एबीयू रोबोकॉनही तिथेच झाली. २००८चा विषय तर आपली दहीहंडी होता. रोबो टेम्पोत घातला की काम झालं. आता राष्ट्रीय फेरी दिल्लीत भरते आणि रेल्वेशी गाठ पडते.

रेल्वेत अडचण वजनाची नाही, आकाराची आहे. अलीकडच्या नियमांत टीमचे दोन्ही रोबो मिळून ५० किलोंची मर्यादा असते आणि स्लीपरच्या प्रत्येक प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येतं. पण डब्यात सोबत ठेवायची पेटी १०० × ६० × २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही. थ्री-टियर एसीत तर ५५ × ४५ × २२.५ एवढीच. त्याहून मोठं सामान ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करावं लागतं. म्हणून जाणती मुलं सांगाडा वेल्डिंगऐवजी नट-बोल्टने जोडतात. त्याचे चपटे भाग सुटे झाले तर ते बर्थखाली जातात. हा विचार रोबोचं पहिलं ड्रॉइंग काढतानाच व्हायला हवा. स्टेडियमच्या दारात करवत शोधून उपयोग नाही.

सुटं करताना प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून एकच नंबर घालायचा आणि फोटो काढून ठेवायचे. सेन्सर, कॅमेरा, कंट्रोलर बोर्ड हातातल्या बॅगेत. सांगाडा अखंडच न्यायचा असेल तर तो लाकडी ठोकळ्यांवर टेकवावा. ओम्नी किंवा मेकॅनम चाकांचे बारीक रोलर दीड दिवसाच्या हादऱ्यांनी खराब होतात, म्हणून चाकं अधांतरी राहिली पाहिजेत. वीज गेली की रोबोचा हात खाली पडतो, तो आधीच बांधून घ्यावा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेतल्या बाटल्या पूर्ण रिकाम्या करायच्या.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बंद रोबो प्लॅटफॉर्मवरून ढकलत नेला की चाकांबरोबर मोटार फिरते, फिरणारी मोटार वीज तयार करते आणि ती उलट ड्रायव्हरमध्ये शिरते. जोरात पळवला तर बोर्ड उडू शकतो. ढकलायचाच असेल तर आधी मोटारींच्या वायरी काढाव्यात. त्यापेक्षा हातगाडी बरी.

सगळ्यात जास्त काळजी बॅटरीची. स्पर्धेत वापरतात ती लिथियम पॉलिमर बॅटरी शेवटच्या सामन्यासाठी पूर्ण चार्ज केलेली असते, म्हणजे प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर. निघण्यापूर्वी ती चार्जरच्या स्टोरेज मोडवर ३.८ व्होल्टच्या आसपास आणावी, कनेक्टरवर टेप लावावी आणि आगरोधक पिशवीत घालून सोबत ठेवावी. फुगलेली बॅटरी प्रवासात घ्यायचीच नाही, मग ती कितीही महाग असो. ब्रेकव्हॅनच्या बंद खोक्यात, जिथे कुणाची नजर नाही तिथे, बॅटरी ठेवणं मला अजिबात मान्य नाही. कुणी विमानाने येणार असेल तर सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण नसते, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. सहा सेलची, ५००० एमएएचची नेहमीची बॅटरी १११ वॉट-तासांची भरते, तेव्हा परवानगी आधीच काढून ठेवावी. जिंकलेली टीम एबीयू रोबोकॉनसाठी परदेशी गेली तर फिक्कीकडून एटीए कार्ने नावाचं कागदपत्र घ्यावं लागतं. ते असलं की परत येताना आपलाच रोबो आयात माल ठरत नाही. खोका लाकडी असेल तर ते लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का असलेलं हवं.

तुमच्या मुलीच्या टीमसाठी गोवा एक्सप्रेस सोयीची. ती हजरत निजामुद्दीनहूनच सुटते, त्यामुळे सामान चढवायला सवड मिळते, आणि पुढे पुणे-मिरज मार्गे जाते. सामान गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी कार्यालयात द्यायचं असतं. मोठ्या खोक्यासाठी दोन तास आधी गेलेलं बरं. येतानाच्या खोक्यावर जातानाचा 'दिल्ली' पत्ता राहिला तर घोळ होतो, तो खोडून मिरजेचा ठळक लिहावा. ब्रेकव्हॅन पुढे आणि मागे अशा दोन्ही टोकांना असतात. खोका कुठल्या टोकाला चढला ते मुलीला फोनवर विचारून घ्या आणि गाडी मिरजेला येण्याआधी दोघं जण त्या टोकाला जाऊन उभे राहा. नाहीतर खोका पुढे बेळगावला जायचा.