सुखाचा शेवट कोणाच्या वाट्याला?



आजचा अभ्यास : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३६ ते ३९.

भगवंत इथे सुखाचे तीन प्रकार सांगतात. जे आधी विषासारखं वाटतं आणि शेवटी अमृत होतं, ते सात्त्विक. इंद्रियांची विषयांशी गाठ पडली की जे आधी अमृतासारखं लागतं आणि पुढे विष होतं, ते राजस. आणि जे झोप, आळस, प्रमाद यांतून येतं, सुरुवातीला आणि शेवटीही माणसाला भुलीत ठेवतं, ते तामस. प्रमाद म्हणजे हयगय, करायचं ते राहून जाणं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही वर्षांपूर्वी मी मित्रांबरोबर पुण्याजवळ एका मोठ्या ट्रान्स कॉन्सर्टला गेलो होतो. हे संगीत आपल्याला काही परकं नाही. १९९० च्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर 'गोवा ट्रान्स' वाढला. गोव्यात २००७ मध्ये सुरू झालेला सनबर्न २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला आला. मिनिटाला १४० च्या आसपास ठोके, तोच ठेका पुन्हा पुन्हा. मग ठोका अचानक थांबतो, सूर चढत जातो, हजारो माणसं श्वास रोखून उभी राहतात, आणि ठोका परत येतो. त्या क्षणी 'मी' उरत नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, कीर्तनात होतं तेच हे.

त्याच रात्री गावी अखंड हरिनाम सप्ताह चालू होता. आमचं गाव तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्हे तालुक्यात (कागदोपत्री आता राजगड, आमच्या तोंडी अजून वेल्हंच). सप्ताहात वीणा सातही दिवस खाली ठेवत नाहीत. दोन-दोन तासांचे पहारे लावतात. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालायची, पाया पडायचं, मगच मोकळं व्हायचं. देवळातल्या यादीत माझं नाव होतं : रात्री २ ते ४. माझ्याआधी १२ ते २ आबांचा पहारा.

कॉन्सर्ट वेळेत, रात्री दहाला संपली. तेव्हाच निघालो असतो तर साडेबारापर्यंत गावात पोचलो असतो. पण मन उतरेना. "अजून थोडा वेळ" म्हणत मित्राच्या खोलीवर गेलो, स्पीकर लावला, खाल्लं, गप्पा मारल्या. डोळा कधी लागला कळलं नाही. फोनची बॅटरी संपलेली.

जाग आली तेव्हा पाच वाजले होते. कात्रज, खेड शिवापूर, चेलाडी फाट्याला वळून नसरापूर, मार्गासनी... रस्ता संपता संपेना. देवळात पोचलो तेव्हा काकडा उरकला होता. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात होती. आबा खांबाला टेकून बसले होते आणि गुडघ्यांना तेल चोळत होते. थंडीत ते चार तास उभे राहिले होते. मला बघून एवढंच म्हणाले, "आलास का? चहा घे."

रागावले असते तर बरं झालं असतं.

तोवर मी हे श्लोक वाचताना समजायचो, विष म्हणजे दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी, रिकामा खिसा. त्या दिवशी कळलं, माझ्या सुखाचं विष मलाच प्यावं लागेल असं नाही. ते घरच्या कोणाच्या तरी गुडघ्यात उतरतं. आणि दोष संगीताला कसा देऊ? ते तर दहाला थांबलं होतं. नाचलो ते राजस म्हणा. त्यानंतरची झोप आणि चुकलेला पहारा, तो मात्र सरळ प्रमाद.

पुढच्या वर्षी मी २ ते ४ चा पहारा मागून घेतला. पहिला अर्धा तास विषच होता. पाय भरून आले, पेंग येत होती, समोर दोन म्हातारे टाळकरी आणि एकच संथ ठेका. इथे ठोका थांबत नाही आणि सूर चढवायला कोणी नसतं. मग कधीतरी कंटाळाच संपला. 'मी' इथेही विरला. पण माझ्या गळ्यात वीणा आहे आणि आबा घरी निवांत झोपलेत, याचं भान शाबूत होतं. तिथलं विसरणं आणि इथलं विसरणं यांत मला कळलेला फरक हा एवढाच.

कॉन्सर्टला जाऊ नका असं मी सांगणार नाही. मीही अजून कधीतरी जातो. फक्त निघताना यादीत आपला पहारा कुठे आहे ते बघून निघतो.

आजचा नेम : या आठवड्यात जे सुख घ्याल, त्यापुढे एक प्रश्न लिहा : 'याचा शेवट कोणाच्या वाट्याला येणार?' उत्तरात दुसऱ्याचं नाव आलं, तर त्या माणसाला आजच फोन करा.

रामकृष्ण हरी.