कडुनिंबाची चांदी आणि धान्यातील कीड

कराड-सांगलीकडील आपल्या भुसार व्यापारी बांधवांना सोंड्यांचा त्रास नवा नाही. फॉस्फाइडच्या गोळ्यांच्या वायूने कीड मरते, पण तो माणसाच्याही जिवावर बेततो आणि त्यावर उतारा नाही. म्हणून पाल्यापासून बनवलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची चर्चा कानी येते, तेव्हा ती नीट समजून घ्यावी, असे आम्हास वाटते.

विट्याकडील गलाई कारागिरांना यातील अर्धी विद्या ठाऊकच आहे. तेजाबात विरघळलेल्या चांदीत तांबे टाकले की चांदी पुन्हा खाली बसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हेच काम कडुनिंबाच्या अर्काकडून करून घेतले व २००४ साली ते प्रसिद्ध केले. अर्कातील द्रव्ये कणांभोवती लेप धरतात, त्यामुळे त्यांचा गोळा होत नाही. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातील एकाहूनही हे कण लहान! निरनिराळ्या वनस्पतींपासून केलेल्या अशा कणांनी डासांच्या अळ्या आणि तांदळातील सोंडे मरतात, असे पुढे प्रयोगशाळांत दिसून आले.

मात्र पाल्यातून आली म्हणून चांदी निरुपद्रवी होत नाही. पाण्यात गेली तर ती मासे व बारीक जलचरांना घातक ठरते. कृष्णा-कोयनेच्या काठच्या आपण लोकांनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय कीटकनाशक विकता येत नाही. कोणी ‘नॅनो सिल्व्हर’ची बाटली घेऊन दुकानी आला, तर नोंदणी क्रमांक व कोणत्या मालासाठी परवानगी आहे ते आधी वाचावे. ते नसेल तर गिऱ्हाइकाच्या खाण्याच्या धान्याला ती लावू नये. तोवर माल कडक उन्हात वाळवावा, पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत आणि जुने बारदान उकळत्या पाण्यातून काढून, सुकवूनच वापरावे.