जुन्या जीपचे तापणे आणि निदानाचा क्रम

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची निम्म्याहून कमी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते, तिच्यातला मोठा भाग धुरावाटे निघून जातो आणि एकूण ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा सिलिंडरांभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. हे पाणी फिरवणारा पंप, ज्याला गॅरेजात 'वॉटर बॉडी' म्हणतात, पाणी निववणारी रेडिएटरची जाळी, जाळीतून हवा ओढणारा पंखा आणि पाणी पुरेसे तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी थर्मोस्टॅट नावाची झडप, या चौघांच्या मेळावर इंजिनाचे तापमान अवलंबून असते. यांपैकी कोण चुकते आहे हे न शोधता, 'गाडी तापते' एवढ्याच तक्रारीवर सुटे भाग बदलत जाणे ही जुन्या जीपच्या मालकांची सर्वांत महागडी चूक होय. प्रस्तुत लेखकाच्या हातून ती घडलेली असल्याने तिचा तपशील येथे नोंदवला आहे.

महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, त्याच घराण्यातली एमएम ५४० ही गाडी आजही डोंगरी भागात वापरात दिसते. तिच्यात प्यूजो कंपनीच्या मूळ आराखड्याचे, २११२ घनसेंटिमीटरचे एक्सडीपी ४.९० हे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन असते. कासार आंबोलीच्या शेतावर ये-जा करणाऱ्या लेखकाच्या अशा जीपचे दुखणे वरवर पाहता चमत्कारिक होते. पुण्याहून येताना भुकूमच्या पुढे पिरंगुटचा घाट ती तिसऱ्या गिअरमध्ये निमूट चढे आणि तापमानाचा काटा मध्यावरून हलत नसे. मात्र गावातून डोंगराकडे जाणाऱ्या मुरमाड गाडीवाटेवर फोर बाय फोरचा लो गिअर टाकला की दहा मिनिटांत काटा तांबड्या पट्ट्यात शिरे. वस्तुतः या लक्षणातच निदान होते. घाटात वेगामुळे समोरची हवा आपोआप जाळीतून घुसते. लो गिअरमध्ये चाकांचा वेग आणखी सुमारे अडीच पटींनी उतरतो, समोरून येणारी हवा जवळजवळ थांबते आणि सारी भिस्त पंख्यावर येते. जी गाडी वेगात तापत नाही आणि रांगताना तापते, तिच्यात बहुधा पाणी नव्हे, हवा कमी पडत असते.

हे ध्यानात न घेता आधी थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला. 'आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची गरजच नाही' हा समज गॅरेजांमधून इतका रुजला आहे की त्याला विरोध करणे कठीण जाते. परंतु ज्या इंजिनांत पंपाकडे परतणारी आडवाट असते आणि थर्मोस्टॅट उघडताना ती बंद करतो, तेथे झडप काढल्यावर तापलेल्या पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरत राहतो. त्यानंतर जाळीचे रॉडिंग, म्हणजे तिच्या नळ्यांत बारीक सळ्या घालून क्षार काढण्याचे काम झाले, नवी वॉटर बॉडी बसली, आणि तरीही त्या वाटेवर गाडी तापतच राहिली. शेवटी एकदा चढावर वर गेलेला काटा अचानक खाली आला, तेव्हा चालकाने सुटकेचा निःश्वास टाकून गाडी पुढे हाकली. प्रत्यक्षात पाणी इतके उतरले होते की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडला होता आणि काटा वाफेचे तापमान दाखवत होता. त्या दिवशी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामधली सांधपट्टी, उडाली. हेड काढून त्याचा पृष्ठभाग सपाट करून घ्यावा लागला.

खरे कारण सापडले ते बोनेट उघडून नुसते बघत बसल्यावर. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे गाडीवर नव्हते. पूर्वीच्या कुठल्याशा दुरुस्तीत ते काढले गेले आणि परत बसवलेच गेले नाही. हे कडे नसले की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा कडेने परत घेऊन घुसळत बसतो. शिवाय जाळीच्या पातळ पत्र्यांमध्ये पावसाळ्यानंतरच्या गवताची कुसळे आणि भातखाचरातला वाळलेला चिखल असा काही घट्ट बसला होता की बॅटरीचा उजेड मागून धरला तर पुढून दिसत नव्हता. पाण्याचा जोर इंजिनाच्या बाजूने पुढे, बेताचाच धरून ती धुतली आणि कडे पुन्हा बसवले, तेव्हा त्याच चढावर काटा मध्याच्या किंचित वर जाऊन थांबला.

म्हणून पहिले काम सुटे भाग आणण्याचे नसून, गाडी कधी तापते हे वहीत लिहिण्याचे आहे. रांगताना तापत असेल तर जाळी, कडे आणि पंख्याचा पट्टा पाहावा. वेगात किंवा लांब घाटात तापत असेल तर नळ्यांतले क्षार, पंप, आणि ओढीने आत चेपणारा खालचा होज पाहावा. विहीर-बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या गाडीत क्षारांचा संशय आधी घ्यावा. सकाळी थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गॅस्केट गेली असण्याची शक्यता मोठी असते आणि अशा गाडीने डोंगर चढूच नये. थर्मोस्टॅटचा संशय असल्यास तो पातेल्यात पाण्यासोबत तापवून, त्यावर कोरलेल्या अंशाला उघडतो का हे घरीच पाहता येते.

रेडिएटरच्या झाकणाची परीक्षा मात्र हटकून राहून जाते. पुण्याच्या उंचीवर उघडे पाणी ९८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते, ०.९ बारचा दाब धरणारे झाकण हा उत्कलनबिंदू सुमारे २० अंशांनी वर नेते, आणि त्याचे रबर कडक झाले की ही सारी सवलत नाहीशी होते. मात्र जुन्या जाळीला तिच्यासाठी ठरलेल्या दाबाचेच झाकण लावावे, जास्त दाबाचे लावल्यास तिचे सांधे फुटतात.

चढावर काटा वर जाऊ लागला तर वाट सपाट होताच गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, पाणी गळत नसल्याची खात्री करून, इंजिनाचा वेग किंचित वाढवून ते चालू ठेवावे, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही फिरत राहतात. पाणी गेले असेल, किंवा काटा अकारण खाली आला असेल, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, कारण त्याने हेडला तडा जातो. आणि सोबत कोणी घाईने फडके घेऊन झाकणाला हात घालू लागला तर त्याला कृपया थांबवावे. दाबाखालचे ते पाणी उघडताक्षणी तोंडावर उसळते, आणि वरचा होज हाताला कोमट लागेपर्यंत, मग त्याला अर्धा-पाऊण तास का लागेना, झाकण बंदच राहू द्यावे.