पाचवीचा जून

जून तोंडावर आलाय. गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांतून चौथी पास झालेली मुलं आता तालुक्याच्या हायस्कुलात जातील. त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. राग अजून आहे, तो लपवत नाही.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. आपल्याकडची जुनी घडी वेगळी. गावची शाळा बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत, पाचवीपासून हायस्कूल. चार वर्षं ज्या पोरीला एकच गुरुजी सगळे विषय शिकवत होते, तिच्यासमोर एकदम तासातासाला नवा माणूस, घंटा झाली की वही बदला, फळा पुसला की विषय संपला. वर्गात साठ मुलं. त्यात सेमी, म्हणजे गणित इंग्रजीतून.

माझ्या मुलीच्या पाचवीच्या प्रवेशाच्या वेळीच मी विचारलं होतं, गणित मराठीतून घेता येईल का? "आता सगळे सेमीच घेतात," एवढं एकच उत्तर. पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिका मॅडमना भेटून सांगितलं, की हिला गणित चांगलं येतं पण इंग्रजीतून कधी केलेलं नाही, सुरुवातीला जरा सांभाळून घ्या. "होईल सवय," असं म्हणून त्या स्टाफरूममध्ये गेल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मला ऐकवलं गेलं की पालक वेळेत येऊन सांगत नाहीत.

जुलै तसाच गेला. मुलगी घरी आली की बोलायची कमी. पाढे म्हणत अंगणात फिरणारी पोर गणिताची वही दप्तरातून काढायला तयार नसे. पहिल्या घटक चाचणीचा पेपर सहीसाठी घरी आला, तेव्हा कारण कळलं.

६४०३ वजा २१५७. उत्तर ४२४६. तिने उत्तर बरोबर काढलं होतं, पण घाईत दोन्ही चार देवनागरी काढलेले आणि बाकीचे आकडे इंग्रजी. देवनागरी ४ इंग्रजी 8 सारखाच दिसतो. मॅडमनी ते 8286 वाचलं आणि लाल फुली मारली. त्याच्या खालचं हातच्याचं काम पाहिलं असतं तरी कळलं असतं, ते पाहिलेलंच नव्हतं. पुढचं शाब्दिक उदाहरण इंग्रजीत, तिथे तिने वजाबाकीऐवजी बेरीज केलेली. मी तेच उदाहरण मराठीत सांगितलं. भाकरी थापता थापता सांगितलं, तिने तोंडी उत्तर दिलं. मग म्हणाली, "आई, मॅडमनी असंच का नाही विचारलं?" त्या क्षणी मला कळलं की पोरीचं गणित जागेवर आहे.

पेपर घेऊन पालकसभेला गेले. आकडा दाखवला. मॅडमनी पेपर हातातसुद्धा घेतला नाही. "अहो ताई, साठ पेपर असतात. एकेक आकडा कोण निरखत बसणार? झेडपीची मुलं अशीच येतात, पाया कच्चा. घरी लक्ष द्या." हे सगळ्या पालकांसमोर, आणि मुलगी माझ्या शेजारी उभी. तिने मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही. मार्क कमी पडल्याचं मला एवढं लागलं नाही. ज्या गुरुजींनी हिला वजाबाकी शिकवली, त्यांनी घातलेला पाया कच्चा म्हणायचा अधिकार या बाईंना कोणी दिला?

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला, पेपरची झेरॉक्स जोडून. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात मुलाला मारण्याबरोबरच त्याच्या मानसिक छळालाही बंदी आहे, तेही त्यात लिहिलं. आवक-जावक टेबलावर पोच मागितली तर कारकुनाने "पोच कशाला हवी?" म्हणून टाळलं. मी तिथेच बसून राहिले, शिक्का मारून घेतला आणि मगच निघाले. उत्तर आजवर आलेलं नाही. मुलीला मात्र पुढच्या बाकावर बसवलं गेलं, आणि तिचे पेपर नीट तपासले जाऊ लागले. चाचणीचे मार्क तेवढेच राहिले.

आता ज्यांची मुलं यंदा जाणार त्यांनी काय करावं ते सांगते.

शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच मागा. नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. चूक असेल तर जुन्या शाळेतच दुरुस्त करून घ्या, नंतर दोन्ही शाळा एकमेकींकडे बोट दाखवतात. यू-डायसवरची मुलाची ऑनलाइन नोंद नव्या शाळेकडे गेली का, तेही विचारा. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे. प्रवेशासाठी मुलाची चाचणीही अशा शाळेला घेता येत नाही. प्रवेश देऊन मग चाचणी घेतात आणि गावाकडची मुलं शेवटच्या तुकडीत टाकतात, हा त्यातला चोरदरवाजा. तुकडी कशावर ठरवली ते लेखी मागा.

सेमी असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून गणिताची मराठी आणि इंग्रजी, दोन्ही माध्यमांची पुस्तकं मोफत उतरवून घ्या. धडे तेच, उदाहरणंही तीच. दोन्ही शेजारी ठेवून मुलाला आधी मराठीतलं आणि मग इंग्रजीतलं वाचायला लावा. याला ना ट्यूशन लागते ना पैसे. आमच्याकडे सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला. मे महिन्यातच बेरीज, वजाबाकी, भागाकार, बाकी, अपूर्णांक यांचे इंग्रजी शब्द भिंतीवर लावा. आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचा हात बसवा, विशेषतः १ आणि 9, ४ आणि 8. पेपर घरी आला की फक्त मार्क बघू नका, फुली का पडली ते बघा.

पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत मिळतो. पण शाळा सुटण्याची वेळ आणि गाडीची वेळ जुळते का, ते जूनमध्येच बघा. जुळत नसेल तर विद्यार्थ्यांच्या यादीसह शाळेचं पत्र आगार व्यवस्थापकांना द्या. आमच्याकडे असं पत्र दिल्यावर गाडी उशिरा सुटू लागली. नाहीतर शेवटचा तास सोडून पळालेल्या मुलींना रोज बोलणी बसतात.

मुलींच्या आयांनी एक गोष्ट न लाजता करावी. पाळी पाचवी-सहावीतही येते. दप्तराच्या आतल्या कप्प्यात पॅड ठेवा आणि गरज पडली तर कोणत्या बाईंकडे जायचं ते आधीच ठरवून द्या. स्वच्छतागृहाला कुलूप नाही ना, ते स्वतः जाऊन पाहा. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.

बाकी नेहमीचंच. लवकर झोपवा, पोटभर खाऊन पाठवा, दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका.

शाळेशी बोलणं तोंडी राहू देऊ नका. तारीख घालून लिहा, पोच घ्या. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. भांडकुदळ म्हणतील, मलाही म्हणाले.

आणि पाचवीच्या वर्गशिक्षकांना हात जोडून सांगणं आहे. जून-जुलैत वह्या तपासताना गावाकडून आलेल्या मुलाच्या उत्तरावर फुली मारण्याआधी त्याने आकडा कोणत्या लिपीत काढलाय, ते एकदा बघा. आणि त्याच्या जुन्या शाळेबद्दल त्याच्यासमोर वाईट बोलू नका.