बुरशी पाहणारा वेगळा, काढणारा वेगळा

गोदामाच्या भिंतीला बुरशी चढली की आपण ठेकेदार बोलावतो. तोच भिंत पाहतो, तोच खर्च सांगतो, काम झाले असेही तोच म्हणतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात हे चालत नाही. तेथे २००३ साली कायदा झाला. एकाच कामात तपासणारा आणि बुरशी काढणारा एकच असू नये, दोघांकडेही परवाना हवा. (सलग २५ चौरस फुटांहून कमी बुरशीला परवान्याची सक्ती नाही.) तपासनीस काय काढायचे ते लेखी देतो, शेवटी पुन्हा तपासतो. काम संपल्यावर १० दिवसांत मालकाला दाखला द्यावा लागतो. ओलीचे मूळ कारण दूर झाल्याची तपासनिसाची खात्री असेल, तर तेही त्यात लिहायचे. माझ्या ठेकेदाराने गळती पाहिलीच नव्हती, नुसता चुना फासला. दुसऱ्या पावसात खालची थाने डागाळली.